बार्सिलोनात नवीन आहात? पहिली रेड वाईन अशी घ्या

बार्सिलोनात आल्यावर महिन्याभरात कुणीतरी तुम्हाला जेवायला बोलावणार. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तुम्ही सुपरमार्केटात वाईनच्या फळ्यांसमोर जाऊन उभे राहणार. मी पाऊण तास उभी होते. दोन युरोपासून ऐंशी युरोपर्यंतच्या बाटल्या समोर, आणि आमच्या घरी आजवर आलेली एकमेव दारू म्हणजे आजोबांच्या खोकल्यासाठीची ब्रँडी. शेवटी सोनेरी जाळी घातलेली एक बाटली उचलली, कारण ती भारी दिसत होती. यजमानीणबाईंनी ती कौतुकाने ओट्यावर ठेवली आणि स्वतःकडची उघडली.

त्यांनी उघडलेल्या बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने एक छोटा काळा प्लॅस्टिकचा वळू लटकत होता. नाव सांग्रे दे तोरो. माझ्या जाळीवालीच्या निम्म्या किमतीची. पुढची चार वर्षं मी बहुतेक तीच घेत आले, आणि आता नवीन येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलामुलीला पहिली बाटली म्हणून तीच सांगते. ती जगातली उत्तम वाईन आहे म्हणून नव्हे. सहज मिळते, सात युरोच्या आसपास पडते, आणि चुकून बिघडवली तरी जीव हळहळत नाही म्हणून. शिकायला हेच बरं.

## आधी घराणं थोडक्यात

ही वाईन तोर्रेस कुटुंबाची. गाव विलाफ्रांका देल पेनेदेस, बार्सिलोनापासून रेल्वेने तासाभरावर. हायमे तोर्रेस नावाचा तरुण नशीब काढायला क्युबाला गेला, पैसे कमावून परतला आणि १८७० साली भावासोबत वाईनचा धंदा सुरू केला. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३९च्या जानेवारीत, बॉम्बफेकीत सगळी वाइनरी उद्ध्वस्त झाली. तिसऱ्या पिढीच्या मिगेल तोर्रेस कार्बो यांनी ती पुन्हा उभारली. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, त्यामुळे तिकडची वाईन अमेरिकेत पोचेना. ती जागा या माणसाने हेरली. पिंपांतून घाऊक विकण्याऐवजी स्वतःच्या नावाने बाटलीबंद विकायची, हा त्यांचा हट्ट. त्यातूनच १९५४ साली सांग्रे दे तोरो बाजारात आली.

पुढे १९७९ साली पॅरिसमध्ये गो-मिलो या फ्रेंच मार्गदर्शिकेने भरवलेल्या वाईन ऑलिंपियाडमध्ये याच घराण्याच्या १९७० सालच्या एका महागड्या रेडने शातो लातूर या नामांकित फ्रेंच वाईनला मागे टाकलं. (आपलं लातूर नव्हे, बोर्दोतलं.) त्या वाईनला आज मास ला प्लाना म्हणतात. ती तुमच्या-माझ्या खिशाची नाही, पण करणारे हात तेच.

एक भ्रम मात्र काढून टाका. ‘कुटुंबाची वाइनरी’ म्हटलं की आजोबा पायाने द्राक्षं तुडवताहेत असं चित्र डोळ्यांसमोर येतं. तोर्रेस हा प्रचंड मोठा उद्योग आहे. सात युरोला दरवर्षी साधारण सारखीच चव मिळते, ती त्या मोठेपणामुळेच.

## लागणारं साहित्य आणि कागदपत्रं

- वयाचा पुरावा: पासपोर्ट किंवा इथलं निवासी कार्ड. दारूसाठी इथे वय १८ लागतं, आणि आपण मराठी मंडळी त्यांना नेहमी वयापेक्षा लहान वाटतो.
- बूच काढायचा स्क्रू. इथे त्याला साकाकोर्चोस म्हणतात. दोन खाचांचा, वेटर लोक खिशात ठेवतात तो घ्या. पंखवाला जाडजूड घेऊ नका, तो बुचाचा भुगा करतो.
- देठवाले दोन काचेचे पेले. नसतील तर साधे काचेचे चालतील. स्टीलचे मात्र नको, रंग दिसत नाही.
- फ्रीज.
- मागच्या लेबलवरचा क्यूआर कोड वाचणारा फोन.

## १. नावाला घाबरू नका

सांग्रे दे तोरो म्हणजे वळूचं रक्त. मी फोनवर आईला नाव सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. वाइनरीचं म्हणणं असं की रोमन लोकांचा वाईनचा देव बाकुस याला प्राचीन काळी ‘वळूचा पुत्र’ म्हणत, त्यावरून हे नाव. बाटलीत रक्त नाही, फक्त गार्नाचा आणि कारिन्येना ही दोन जातींची द्राक्षं आहेत.

शाकाहाराचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो विचारायला लाजू नका. गढूळ वाईन निवळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं प्रथिन, जिलेटिन किंवा माशांपासून काढलेला पदार्थ वापरायची जुनी पद्धत आहे. युरोपात एके काळी बैलाचं वाळवलेलं रक्तही वापरत. गाईंच्या मेंदूच्या रोगाची साथ आल्यावर ते बंद झालं. अंड्याचा किंवा दुधाचा अंश उरला असेल तर तसं लेबलवर लिहावं लागतं: ‘उएवो’ म्हणजे अंडं, ‘लेचे’ म्हणजे दूध. जिलेटिन आणि मासा मात्र असा पकडता येत नाही. म्हणून कडक शाकाहारी असाल तर व्हीगन शिक्का असलेलीच बाटली घ्या, कुठल्याही कंपनीची असो.

## २. दुकान आणि वेळ गाठा

नेहमीच्या सुपरमार्केटात जा. पर्यटकांच्या रस्त्यावरच्या एका दुकानात मी हीच बाटली जवळजवळ दुप्पट दराने घेतली आहे, तीही उन्हात काचेच्या कपाटात उभी करून ठेवलेली. कॅटलोनियात, म्हणजे बार्सिलोना ज्या प्रांतात आहे तिथे, रात्री अकरानंतर दुकानातून दारू विकायला बंदी आहे आणि रविवारी बहुतेक सुपरमार्केटं बंद असतात. जेवण रविवारचं असेल तर बाटली शनिवारी घ्या. वाटेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर उघडू नका, रस्त्यावर प्यायला दंड होतो.

## ३. बाटली फिरवा, मागचं लेबल वाचा

पुढचं लेबल विकण्यासाठी असतं, माहिती मागे असते.

रंगापासून सुरुवात करा. स्पॅनिशमध्ये रेड वाईन म्हणजे ‘विनो तिंतो’, आणि कॅटलोनियाच्या कातालान भाषेत ‘वी नेग्रे’, म्हणजे शब्दशः काळी वाईन! हॉटेलच्या कातालान मेन्यूवर मी कितीतरी दिवस लाल शोधत होते आणि ती काळ्यात लपली होती. सांग्रे दे तोरो या नावाने पांढरी, गुलाबी आणि बिनअल्कोहोलचीही मिळते. घाईत उचलली की घरी जाऊन फजिती. अल्कोहोलची टक्केवारी बघा. रेडमध्ये ती साधारण साडेतेरा-चौदा असते. बिअरच्या हिशेबाने पिऊ नका.

मग साल बघा. ‘आन्यादा’ किंवा ‘कोसेचा’ या शब्दाशेजारी छापलेलं वर्ष म्हणजे द्राक्षं तोडली ते वर्ष. इथे नवखे हमखास फसतात, कारण जुनी ती चांगली असं आपण ऐकलेलं असतं. या किमतीच्या वाईनला ते लागू नाही. दोन बाटल्यांत एक ताजी आणि एक चार-पाच वर्षांची असेल, तर ताजी घ्या.

आता तीन शब्द: क्रियान्सा, रेसेर्वा, ग्रान रेसेर्वा. हे चवीचे गुण नव्हेत. किती काळ मुरवली याचे कायद्याने ठरवलेले शिक्के आहेत. रेड क्रियान्सा किमान दोन वर्षं मुरते, त्यातले सहा महिने ओकच्या पिंपात. रेसेर्वा तीन वर्षं, त्यातलं एक पिंपात. ग्रान रेसेर्वा पाच वर्षं, पिंपात दीड. रिओहासारख्या प्रदेशांत नियम याहून कडक आहेत. लोणच्यासारखंच आहे म्हणा ना: कुणाला ताजं करकरीत आवडतं, कुणाला मुरलेलं. साध्या सांग्रे दे तोरोवर यातलं काही नसलं तर दचकू नका. उलट दोन-तीन युरोच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘ग्रान रेसेर्वा’ दिसलं, तर एवढी वर्षं जागा अडवून ती इतक्या स्वस्तात कशी परवडली, हे स्वतःला विचारा.

‘कोंतिएने सुल्फितोस’, म्हणजे ‘यात सल्फाइट (वाईन टिकवणारं रसायन) आहे’, हे जवळजवळ प्रत्येक बाटलीवर असतं. लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फाइट असेल तर लिहावंच लागतं, आणि ते सहसा असतंच. घाबरण्यासारखं नाही. दम्याचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं. क्यूआर कोड फोनने वाचला की घटक आणि उष्मांक दिसतात. ८ डिसेंबर २०२३ नंतर केलेल्या वाईनसाठी युरोपात ही माहिती देणं बंधनकारक झालं आहे.

## ४. रेड वाईनसुद्धा फ्रीजमध्ये ठेवायची असते

सगळ्यात मोठी चूक इथे होते आणि ती फुकटात टळते. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य थंडगार दगडी घरांत राहणाऱ्यांनी केलेलं आहे. ऑगस्टमध्ये बार्सिलोनाच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत तीस अंश असतं. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात झोंबतं, फळाची चव मागे पडते आणि खोकल्याच्या औषधाची आठवण येते. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचं ‘मला रेड आवडत नाही’ हे मत अशा कोमट वाईनवर बनलेलं आहे.

हिला १५ ते १७ अंश हवेत. उन्हाळ्यात अर्धा तास फ्रीजमध्ये, हिवाळ्यात दहा-पंधरा मिनिटं. पुण्यात एप्रिलमध्ये पाऊण तास. फार गार झाली तर तुरट लागेल, मग पेला तळव्यात धरून बसा. बर्फाचे खडे टाकू नका असं पुस्तकं सांगतात. इथले म्हातारे बाप्ये मात्र उन्हाळ्यात खुशाल गार सोडा ओततात. तुमच्या घरात तुमचा कायदा.

## ५. उघडणं आणि ओतणं

बाटली बुचाची किंवा फिरकीच्या झाकणाची असू शकते. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल नव्हे. बूच असेल तर वरची पत्री कापा, स्क्रूचं टोक बरोबर मध्यावर टेकवा, सरळ फिरवा, शेवटचं एक वेटोळं बाहेर राहू द्या. आधी वरची खाच कडेला टेकवून अर्धं बूच काढा, मग खालची. बूच तुटून आत पडलं तर चहाच्या गाळणीतून गाळून घ्या. मी दोनदा गाळली आहे आणि कुणाला कळलं नाही.

पेला तिसऱ्या हिस्स्यापर्यंतच भरा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच पेले बसतात. सहा पाहुणे असतील तर दोन बाटल्या घ्या. पेला जरा गोल फिरवून वास घ्या. पिकलेल्या लाल फळांचा, थोडा मसाल्याचा वास आला की ठीक. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा आला, तर बूच खराब निघालं आहे. यात तुमचं काही चुकलेलं नाही. पावती घेऊन बाटली परत न्या, बहुतेक दुकानं बदलून देतात. त्यासाठी बाटली भरलेली हवी, चार पेले पिऊन झाल्यावर तक्रार चालत नाही.

कातालान घरात कधी पोर्रो समोर आला तर गांगरू नका. लांब चोच असलेलं हे काचेचं भांडं सगळ्यांत एकच फिरतं आणि तोंड न लावता वरून धार सोडून प्यायचं असतं. वरून पाणी प्यायची सवय असलेल्या मराठी माणसाला यात शिकवणी लागत नाही. माझी धार पाहून टेबलावर टाळ्या पडल्या होत्या. पांढरा शर्ट घालून जाऊ नका, एवढंच.

## ६. सोबत काय खायचं

इथलं सोपं जेवण म्हणजे भाजलेल्या पावावर टोमॅटो चोळून, वर तेल-मीठ. त्यासोबत ही वाईन जमतेच. बुतिफार्रा हे सॉसेज पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांसोबत देतात. ते डुकराचं असतं, खात नसाल तर आधीच सांगा. शाकाहाऱ्यांनी एस्कालिवादा मागवावी: निखाऱ्यावर भाजलेली वांगी, लाल ढोबळी मिरची, कांदा, वर ऑलिव्ह तेल. पहिल्या घासाला मला खानदेशी भरीत आठवलं, फक्त ठेचा राहिला होता.

घरी मराठी स्वयंपाक असेल तर एकच नियम पाळा: तिखट कमी करा. मिरची आणि अल्कोहोल एकमेकांची आग वाढवतात. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यासोबत मी एकदा हौस केली. पाचव्या मिनिटाला टेबलावर फक्त दही मागितलं जात होतं. मसाला भाजलेला पण मिरची बेताची असं सुकं मटण, खिमा, भरली वांगी, लोण्यासोबत थालीपीठ, मसूर उसळ, हे छान जातं. गार्नाचाचा गोडसर फळांचा स्वाद आणि कारिन्येनाचा आंबटपणा भाजलेल्या खोबऱ्याशी जुळतो. बांगडा, तारली असली तेलकट मासळी नको, तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते. गोड तर मुळीच नको. पुरणपोळीनंतर ही वाईन नुसती आंबट पाणी लागते.

## ७. उरली तर

झाकण लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा, तीन दिवस चालते. चौथ्या दिवशी लिंबू-सोडा घालून ‘तिंतो दे वेरानो’ करा, नाहीतर मटणाच्या रश्श्यात घाला. इथल्या आज्या पावाच्या तुकड्यावर वाईन ओतून, वर साखर पेरून नातवंडांना मधल्या वेळचं खाणं म्हणून देत. आजच्या आया हे ऐकून डोळे मोठे करतात.

## ८. साठवू नका

पहिल्या वर्षी मी एक बाटली पुण्याला नेली. आईबाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला उघडू म्हणून ती स्वयंपाकघरातल्या माळ्यावर पितळी भांड्यांशेजारी ठेवली. तिने तीन उन्हाळे काढले. उघडली तेव्हा रंग चिंचेच्या कोळाचा आणि वास जुन्या मनुकांचा. बाबा म्हणाले, “व्हिनेगर म्हणून लोणच्यात घालता येईल का?” ती वाईन वाईट नव्हती, ती लगेच प्यायसाठीच केलेली होती. आणलीत की महिन्या-दोन महिन्यांत उघडा. तोवर अंधाऱ्या, गार जागी ठेवा. गॅसजवळ नको, माळ्यावर तर नकोच.

## ९. एक दिवस विलाफ्रांकाला जाऊन या

प्लासा कातालुन्या किंवा सान्त्स स्थानकावरून आर ४ ची लोकल पकडा. गावात विन्सेउम हे वाईनचं संग्रहालय आहे, शनिवारी बाजार भरतो. तोर्रेसचं भेट-केंद्र गावाबाहेर पाक्स देल पेनेदेसला आहे, स्थानकावरून टॅक्सी करा. आगाऊ नोंदणीशिवाय जाऊ नका. गाडी चालवणार असाल तर चव घेऊन थुंकायचं भांडं मागा. ते त्यांना अपमानास्पद वाटत नाही, उलट जाणकार समजतात.

जमलं तर ३० ऑगस्टला, सांत फेलिक्सच्या उत्सवाला जा. गावच्या चौकात माणसांवर माणसं चढून मनोरे रचतात. दहीहंडी पाहत वाढलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो: हंडी कुठाय? हंडी नसते. वर चढलेलं लेकरू हात वर करतं आणि उतरतं. घागर नाही, पाणी मारणं नाही, डीजे नाही. सनईच्या जातीचं एक वाद्य वाजत असतं आणि चौक श्वास रोखून उभा असतो.

## १०. भारतात नेताना

माणशी दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त नेता येते. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. तिसरी घेतली की सव्वादोन लिटर झाले, आणि वरच्या मालावर सीमाशुल्क जबर आहे. मुंबईला उतरल्यावर तिथल्या ड्युटी-फ्रीमधून घेतलेली व्हिस्कीही याच दोन लिटरांत मोजतात, हे भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही. जास्त असेल तर निमूटपणे लाल मार्गिकेतून जा.

बाटल्या चेक-इनच्या बॅगेतच ठेवा: आधी प्लॅस्टिकची पिशवी, मग जीन्सच्या एकेका पायात एकेक, बॅगेच्या मधोमध. साकाकोर्चोसला पातं असतं, तोही त्याच बॅगेत. विमानतळावर घेतलीत आणि वाटेत विमान बदलायचं असेल, तर दुकानदाराने मोहरबंद केलेली पिशवी घरी पोचेपर्यंत फोडू नका.

महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. अहमदाबादमार्गे जाणार असाल तर बेत बदला, गुजरातेत दारूबंदी आहे. आणि महाराष्ट्रात पोचलो म्हणजे सुटलो असंही नाही: वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदीच आहे. माझे मामा वर्ध्याचे. त्यांच्यासाठी मी स्पेनमधल्या ला मांचाचं केशर नेते.